टपाली मत : बाद, अवैध की अग्राह्य?

शिवडीवाला : मतमोजणी प्रतिनिधींसाठी माहितीपत्रक मराठीत करतोय. मूळ मजकुरात टपाली मताला सगळीकडे 'रिजेक्टेड'. मी सरसकट 'बाद' लिहिलं, तपासणारे 'अवैध'वर अडून बसलेत. काय ठेवावं?

खडूस मुलुंड : आधी पायऱ्या वेगळ्या करा. मोजणी सुरू व्हायच्या ठरलेल्या वेळेनंतर, म्हणजे सहसा सकाळी ८ नंतर, आलेला लिफाफा फोडतच नाहीत, वेगळा बांधून ठेवतात. तो 'मुदतबाह्य'. वेळेत आलेल्यांचा बाहेरचा १३-सी लिफाफा फोडून पहिल्यांदा १३-ए घोषणापत्र बघतात. ते नसेल, सही किंवा साक्षांकन नसेल, किंवा त्यातला मतपत्रिकेचा क्रमांक आतल्या १३-बी लिफाफ्यावरच्या क्रमांकाशी जुळत नसेल, तर १३-बी बंदच राहतो. लोक घोषणापत्र मतपत्रिकेबरोबर आतल्या लिफाफ्यात चिकटवून टाकतात आणि हातचं मत घालवतात. पण आतलं मत कुणी पाहिलंच नाही, तर ते 'अवैध' कसं? 'अग्राह्य' लिहा.

माहीमची वही : 'अवैध' मतपत्रिका उघडल्यावर. दोघांपुढे खूण, एकापुढेही नाही, किंवा मतदार ओळखता येईल अशी सही. खूण पुसट आहे किंवा दोनदा केलीय एवढ्यावरून मात्र मत जात नाही. कौल कुणाला ते स्पष्ट दिसलं की झालं.

अंधेरी स्लो : टेबलावर सगळे 'बाद'च म्हणतात हो. २०२४ला मुंबई उत्तर-पश्चिमचा निकाल ४८ मतांचा, बाद टपाली मतं १११. विजयाचा फरक बाद मतांपेक्षा कमी, म्हणून ती पुन्हा तपासली. तेव्हा 'अग्राह्य' कोण म्हणत होतं?

खडूस मुलुंड : 'बाद' हा जमाखर्चातला शब्द, अरबी 'बअद'वरून आलेला. आधी धरायचं, मग वजा करायचं. उशिरा आलेला लिफाफा जमेलाच नाही. फलंदाजीला न उतरलेला बाद कसा होईल?

अंधेरी स्लो : व्युत्पत्तीने मोजणी होत नाही, साहेब. एका टेबलावर ५०० पर्यंत मतपत्रिका असतात. गठ्ठ्यावर लिहायला दोन अक्षरं बरी.

माहीमची वही : मुळात 'टपाली' तरी कुठे राहिलंय? ८५ वर्षांपुढच्यांनी १२-डी अर्ज भरला की पथक घरी येऊन मत घेतं. निवडणुकीच्या ड्युटीवरचे कर्मचारी सुविधा केंद्रातल्या पेटीत टाकतात. पोस्टमनचा संबंध काय?

खडूस मुलुंड : सैनिकांचं आहे की. मतपत्रिका ऑनलाइन जाते, छापून भरलेली पोस्टाने परत येते. मोजणीला क्यूआर कोड स्कॅन करूनच पुढे. शिवाय 'टपाल' आलंय 'टप्प्या'वरून, पोस्टावरून नाही. घरून पेटी, पेटीतून टेबल, हेही टप्पेच.

माहीमची वही : ओढूनताणून! 'लिफाफामत' म्हणा सरळ.

अंधेरी स्लो : मग ईडीसीवाले, म्हणजे निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्र घेणारे, गोंधळतील. ड्युटी स्वतःच्याच मतदारसंघात असलेले १२-ए अर्ज भरून ईडीसी घेतात आणि ड्युटीच्या केंद्रावर ईव्हीएमवर मत देतात. त्यांना लिफाफा नसतोच. पत्रकात हे वेगळ्या ओळीत टाका.