लॅपटॉप तापतो, गुरगुरतो, मधेच मान टाकतो: तुमचे अनुभव लिहा

उन्हाळा लागला की घरोघरी तीच तक्रार सुरू होते. लॅपटॉप तापतोय, पंखा थांबायचं नाव घेत नाही, ऐन मीटिंगमध्ये सगळं अडकतं. कुणी म्हणतं विंडोज नव्याने टाका, कुणी म्हणतं रॅम वाढवा. दुकानात कुणी मदरबोर्डचं नाव काढलं की माणूस धास्तावतो आणि नव्या मशीनच्या किमती बघायला लागतो. अशी कितीतरी चांगली मशीन्स विनाकारण माळ्यावर जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

म्हणून हा धागा. काय केलं ते लिहाच, पण दुखणं नेमकं कुठे आहे हे कसं कळलं, ते जरा सविस्तर लिहा. दुसऱ्याला उपयोग त्याचाच होतो. कंपनीचं किंवा दुकानाचं नाव नको.

सुरुवात मी करते. माझा लॅपटॉप सकाळी छान चालायचा आणि थोड्या वेळाने गोगलगाय व्हायचा. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वेग बघितला तर तीन गिगाहर्ट्झच्या वर असलेला आकडा एकच्या खाली आलेला. तापमान दाखवणारं एक मोफत सॉफ्टवेअर टाकलं, ते ९५ अंशांच्या पुढे. बहुतेक प्रोसेसर शंभराच्या आसपास पोचले की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतात, म्हणजे मंदपणाचा विंडोजशी काही संबंध नव्हता.

मग बिजागरीजवळच्या जाळीपाशी हात धरला. पंखा घोंगावत होता, पण गरम वारा हाताला लागतच नव्हता. म्हणजे हवा आतच कुठेतरी अडत होती. तळाचं झाकण उघडलं तर पंखा वरून अगदी स्वच्छ! पंख्याचे स्क्रू काढून तो उचलला तेव्हा खरा प्रकार दिसला. पंखा आणि धातूच्या बारीक पट्ट्या यांच्या मधल्या फटीत राखाडी नमदा बसावा तसा धुळीचा आणि कपड्यांच्या तंतूंचा थर होता. चिमट्याने धरला आणि सबंध थर एका तुकड्यात बाहेर आला. हा थर बाहेरून ब्लोअर मारून निघत नाही, उलट आणखी घट्ट बसतो. ब्लोअर मारायचाच असेल तर पंख्याची पाती काडीने अडवून धरा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंगची वाट लागते. प्रोसेसरवरची, त्याची उष्णता बाहेर वाहून नेणारी पेस्ट वाळून खडू झाली होती, ती पुसून नवी लावली, तांदळाच्या दोन दाण्यांएवढीच. आता त्याच कामाला तापमान पंचाहत्तरच्या पुढे जात नाही.

*नागपूरहून:*

ताई, तुमच्याकडची धूळ आणि आमच्याकडचं ऊन. बऱ्याच लॅपटॉपच्या माहितीपत्रकात खोलीचं तापमान ३५ अंशांपर्यंत असावं असं लिहिलेलं असतं. आमच्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ आणि दुपारी वीज गेली की घरातही चाळिशी. अशा वेळी साफसफाई कितीही करा, पंखा आत घेणार ती हवाच गरम.

मला दोन गोष्टींनी फरक पडला. पॉवर ऑप्शन्समध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट नावाची सेटिंग असते (काही नव्या मशीनवर ती लपवलेली असते), ती शंभरावरून ९९ टक्के केली. त्याने प्रोसेसरची जास्तीची धाव बंद होते. एक्सेल, ब्राउझर, टायपिंग यांत काही जाणवत नाही, पण तापमान चांगलंच उतरतं. दुसरं म्हणजे मशीन गादीवर, उशीवर, मांडीवर कुठेच ठेवत नाही. तळाच्या जाळ्या झाकल्या की संपलं. मागच्या बाजूला लाकडाची एक पट्टी ठेवून जरा उचलून घेतो, विकतचं स्टँड घेतलंच पाहिजे असं नाही.

आणि एक कळकळीने सांगतो, कूलरच्या थेट झोतात लॅपटॉप ठेवू नका. ती हवा थंड असते तशी ओलीही असते.

*रत्नागिरीहून:*

आमच्याकडे उकाड्यापेक्षा दमटपणा आणि मुंग्या! जूनमध्ये कीबोर्डच्या फटीतून बारीक तांबड्या मुंग्या निघायला लागल्या. चहाबिस्किटाचा चुरा कारण असणार म्हणून पुसून घेतलं, तरी येतच राहिल्या. शेवटी उघडून बघितलं तर बॅटरीच्या बाजूच्या उबदार कोपऱ्यात पांढरी अंडी. कुठलाही फवारा न मारता मऊ ब्रशने काढलं सगळं. नंतर टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले, आजी दुधाच्या कपाटाला करायची तसं. परत आल्या नाहीत.

*सांगलीहून:*

तापण्याचं नाही, पण छोटी कटकट लिहू का? धातूची बॉडी असलेला लॅपटॉप चार्जिंगला लावला की मनगटाला मुंग्या आल्यासारखं व्हायचं, पायात चप्पल नसताना जास्त. टेस्टर लावला तर मंद लाल दिवा लागला. सगळे म्हणाले लॅपटॉपमध्ये शॉर्ट आहे. मी तोच चार्जर घेऊन बहिणीच्या नव्या फ्लॅटमध्ये गेलो, तिथे काहीच नाही! मग वायरमनदादांना बोलावलं. त्यांनी बल्ब होल्डरची एक वायर फेजला आणि दुसरी अर्थिंगच्या भोकात लावली, बल्ब पेटेना. बोर्डाला तिसरी वायर जोडलेलीच नव्हती. चार्जरमधून अगदी किरकोळ गळती होत असते, ती अर्थिंगमधून जायची ती आमच्यातून जात होती. हे काम वायरमनकडूनच करून घ्या, आणि तीन पिनांचा चार्जर दोन पिनांच्या अडॅप्टरला लावू नका.

*लातूरहून:*

जुना लॅपटॉप आहे. रोज तारीख मागे जायची आणि बँकेची साइट ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडायचीच नाही. व्हायरस समजून सगळं फॉरमॅट करायला निघालो होतो. मुलीने घड्याळाकडे बोट दाखवलं, तारीख चुकीची म्हणूनच साइट अडत होती. लॅपटॉप बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला होता, तीन व्होल्टचा, किरकोळ किमतीत मिळणारा. काही मशीनमध्ये तो वायरसकट असतो, तेव्हा आधी उघडून बघा आणि मग विकत घ्या.

*टोरांटोहून:*

इथे उलटी गंमत. हिवाळ्यात उणे वीस अंशांत गाडीत राहिलेला लॅपटॉप घरात आणून लगेच सुरू करायचा नाही. थंड धातूवर घरातल्या हवेतलं पाणी जमतं, आतही. बॅगेची चेन न उघडता तो खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा.

*ठाण्याहून:*

आईचा लॅपटॉप कायम चार्जिंगला. तिची तक्रार एवढीच की टचपॅड दाबला जात नाही. दुकानात टचपॅड बदला म्हणाले. घरी ओट्यावर ठेवला तर डुगडुगत होता, चारही रबरी पाय टेकत नव्हते. बाजूने बघितलं तर टचपॅडच्या पुढची कड किंचित वर आलेली. तिथे खाली बॅटरी असते आणि ती फुगली होती! लगेच बंद केला, चार्जर काढला. नवी बॅटरी बसवल्यावर टचपॅड आपोआप बरा झाला. आता सेटिंगमध्ये ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवलंय. सतत भरलेली आणि गरम, या दोन्ही गोष्टी लिथियम बॅटरीला एकदम सोसत नाहीत. जुनी बॅटरी मात्र बाल्कनीत पत्र्याच्या डब्यात पडून आहे. तिचं काय करू?

*मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवर दुरुस्तीचं काम करतो:*

ठाण्याच्या ताईंना आधी सांगतो. ती बॅटरी दाबू नका, टोचू नका, ओल्यासुक्या कचऱ्यात तर अजिबात टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत ती चिरडली तर आग लागते. दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावा आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला किंवा ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा नाही म्हणाले तर नियमावर बोट ठेवा.

धाग्यात बिजागरीचं कुणी लिहिलं नाही, माझ्याकडे तर रोज एखादी येतेच. स्क्रीन एका कोपऱ्याला धरून उघडली की सगळा जोर एकाच बिजागरीवर येतो. तिचे स्क्रू प्लॅस्टिकमध्ये बसवलेल्या पितळी नटांत असतात, ते उपटून येतात. आधी नुसता ‘कट’ असा आवाज येतो किंवा कडेला केसाएवढी फट दिसते. त्याच वेळी आणलात तर बिजागरी सैल करून, नट चिकटवून काम भागतं. तसंच वापरत राहिलात तर बॉडी फुटते, आतली स्क्रीनची केबलही तुटते आणि बिल भलतंच वाढतं. तेव्हा फट दिसली की उघडझाप थांबवा, अर्धा उघडा असेल तर अर्धाच ठेवून घेऊन या.