'बेचिराख' म्हणजे जळून गेलेलेच का?

प्रश्न : स्कॉटलंडच्या पश्चिमेला अटलांटिक महासागरात सेंट किल्डा हा बेटांचा समूह आहे. त्याबद्दल लिहिताना 'हिर्टा बेटावरचे गाव १९३० साली बेचिराख झाले' असे वाक्य माझ्याकडून लिहिले गेले. मैत्रिणीने ते खोडले. म्हणाली, तिथे आग कुठे लागली होती? घरांच्या दगडी भिंती आजही उभ्या आहेत. मग 'ओसाड' लिहू का?

उत्तर : तुमचा शब्द बरोबर आहे. मूळ फारसी 'बे-चिराग', म्हणजे बिनदिव्याचे. तिन्हीसांजेला दिवा लावायला माणूस उरला नाही, ते गाव बेचिराख. महसुली दप्तरात वस्ती नसलेल्या गावाला हाच शब्द आहे. तिथे आगीचा संबंध नाही. शेवटच्या 'राख'मुळे कानाला जळल्याचा भास होतो आणि बातम्यांतून तोच अर्थ रुळला.

हिर्टाला तर हा शब्द किती नेमका बसतो पाहा. तिथली माणसे कड्यांवर दोर टाकून समुद्रपक्षी धरत. त्यांतल्या फुलमार पक्ष्याच्या पोटातले तेल काढून त्यावर घरातले दिवे जळत. १८५१ साली वस्ती ११२ होती, पुढच्याच वर्षी ३६ जण ऑस्ट्रेलियाला निघाले. १९३० पर्यंत मागे राहिले तेही ३६च. २९ ऑगस्टच्या सकाळी ते जहाजात बसले. निघताना घराघरात बायबल उघडे ठेवले, शेजारी ओटची लहानशी रास ठेवली आणि दारे लावून घेतली, असे सांगतात. त्या संध्याकाळी गावात दिवा लागला नाही. 'ओसाड'मध्ये हे येत नाही. ओसाड माळही असतो, पण बेचिराख व्हायला आधी घरे नांदती असावी लागतात.

आणखी एक प्रश्न : आमच्या विदर्भात अशा उजाड गावाला 'रीठ' म्हणतात. अर्थ पटला, पण आजचा वाचक 'बेचिराख' वाचून धूरच पाहणार. 'गाव उठवले' लिहिले तर?

उत्तर : वाचकाबद्दल तुमचे खरे आहे. पहिल्यांदा शब्द येईल तिथे 'बिनदिव्याचे' असा खुलासा जोडावा. 'उठवले' मात्र नको. धरणाखाली गेलेली गावे उठवली, तिथे ते शोभते. हिर्टाच्या लोकांनी त्याच वर्षी मे महिन्यात स्वतः सह्या करून सरकारकडे अर्ज केला होता, आम्हाला इथून न्या म्हणून. तरणी माणसे कमी झाली होती, पुढचा हिवाळा निभणार नव्हता. तेव्हा 'गाव उठले' एवढेच लिहा.