टॅबला वायरवाला कीबोर्ड सुचवा, करंगळी दुखतेय (जरा घाईत आहे)

शब्दवेडी:
टॅबला जोडायला चांगला वायरचा कीबोर्ड हवाय. वायरचाच, ब्लूटूथ सुचवू नका प्लीज. दिवाळी अंकाचं काम चालू आहे, गणपतीच्या आत सगळे लेख टाईप करून पाठवायचेत आणि आत्ताच्या कीबोर्डवर तासाभरातच डाव्या हाताची करंगळी ठणकायला लागते. वर तो मधेच बंदही पडतो. दुकानात गेलं की गेमिंगचे लायटिंगवाले काढून दाखवतात. आरामात टायपिंग होईल असा कुठला घेऊ? वापरलेला असेल तर मॉडेल सांगा फक्त.

चिंट्या_नाशिक:
कुठला टॅब? अँड्रॉइड की आयपॅड? पोर्ट टाईप सी की जुना मायक्रो? बजेट किती? एवढं तरी लिहा, नाहीतर काय सुचवणार.

भटकी_जमात:
ब्लूटूथ नको का म्हणता? मी कायम ब्लूटूथच वापरतो, घडी घालून खिशात जातो, प्रवासात फार सोयीचा. वायरचं लटांबर कशाला.

शब्दवेडी:
ब्लूटूथ नको हे वरच लिहिलंय. सध्या गावी आहे, संगमेश्वरकडे, पावसात लाईट गेली की कधी येईल सांगता येत नाही, आणखी एक वस्तू चार्ज करत बसायचं नाहीये मला. अँड्रॉइड आहे, टाईप सी. दोन हजारापर्यंत.

खटखट_प्रेमी:
डोळे झाकून मेकॅनिकल घ्या, म्हणजे दर बटणाखाली वेगळा स्प्रिंगचा स्विच असलेला. टीव्हीएस गोल्ड बघा, कितीतरी बँकांत आणि ऑफिसांत वर्षानुवर्षं तोच वापरतात आणि ते उगाच नाही. साध्या कीबोर्डात खाली रबराची टोपी असते, बटण पार तळापर्यंत दाबल्याशिवाय अक्षर उमटत नाही. मेकॅनिकलचं बटण साधारण ४ मिमी खाली जातं पण अक्षर निम्म्यातच, २ मिमीच्या आसपास उमटतं, म्हणजे तळाला आपटायची गरजच नाही. बोटांना लगेच फरक कळेल. बजेट थोडं वाढवा, पण एकदाच घ्या.

रात्रपाळी:
ते निळ्या स्विचवाले, दर बटणाला टकटक वाजणारे मेकॅनिकल घरात वापरायचे नाहीत हो. रात्री टाईप करायला बसलं की बाजूच्या खोलीतलं माणूस उठतं. आमच्याकडे यावरून भांडणं झालीत. साधा पातळ, लॅपटॉपसारख्या बटणांचा घ्या, स्वस्त आणि शांत.

खटखट_प्रेमी:
आवाजाची अडचण असेल तर ब्राऊन किंवा रेड स्विच घ्या, या तिन्हींत क्लिक फक्त निळ्यात असतो. पातळ कीबोर्डवर बोटं थेट टणक पत्र्यावर आपटतात, लांब लेखांना तो अजिबात कामाचा नाही.

रात्रपाळी:
मी रोज आठ तास पातळ कीबोर्डवरच काम करते, काही होत नाही. ज्याची त्याची सवय.

निवृत्त_टंकलेखक:
ताई, मी सरकारी कार्यालयात रेमिंग्टनच्या मशीनवर मराठी टायपिंगच्या मिनिटाला ३० आणि ४० शब्दांच्या दोन्ही परीक्षा देऊन लागलेला माणूस. त्या मशीनची बटणं आजच्यापेक्षा किती जड असायची, तरी आमची बोटं दुखत नसत, कारण बसायची पद्धत शिकवलेली असायची. कोपर बटणांच्या उंचीला, मनगट सरळ, टेकलेलं नाही. आणि कीबोर्डाचे मागचे दोन पाय उभे करू नका, त्यानं मनगट वर मुडपतं. तुम्ही बसता कुठे ते आधी सांगा.

शब्दवेडी:
ओटीवर, जमिनीवर मांडी घालून. समोर पाट, पाटावर टॅब आणि कीबोर्ड. तिथेच उजेड बरा येतो.

निवृत्त_टंकलेखक:
तिथेच चूक आहे. पाट ठेंगणा पडतो, खांदे पुढे येतात, मान खाली जाते. चौरंग घ्या निदान. टॅब चार पुस्तकांवर उभा करून डोळ्यांसमोर आणा आणि कीबोर्ड वेगळा, मांडीजवळ ठेवा.

अक्षरमित्र:
अहो पण टाईप कशात करता? इन्स्क्रिप्ट (देवनागरीची सरकारी प्रमाण मांडणी) की फोनेटिक (इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावरून)? करंगळी म्हणालात म्हणून विचारतोय.

शब्दवेडी:
इन्स्क्रिप्टच. ते व्यवस्थित चालतंय, तो प्रश्न नाही.

अक्षरमित्र:
तोच प्रश्न आहे. इन्स्क्रिप्टमध्ये ख, घ, छ, झ, थ, ध, फ, भ, श, ळ ही सगळी शिफ्ट दाबून येतात, आणि त्यांची बटणं उजव्या हाताखाली, म्हणजे शिफ्ट दर वेळी डाव्या करंगळीनं. "थोडंफार", "धडधड", "वेळ" असं काही टाईप करून बघा, ओळीओळीला करंगळी खाली जाते. आता तुमच्या कीबोर्डवर डावं शिफ्ट लांब आहे का आखूड? काही कीबोर्डांत ते अर्धं कापून शेजारी एक जादा बटण टाकतात, मग करंगळी आणखी ताणावी लागते.

शब्दवेडी:
आत्ता बघितलं. आखूडच आहे, शेजारी एक तिरक्या रेघेचं बटण आहे. आणि एकूणच बटणं दाटीवाटीनं बसवलीत.

अक्षरमित्र:
मग दोन गोष्टी बघून घ्या. डावं शिफ्ट लांब, सलग हवं. आणि दोन शेजारच्या बटणांच्या मध्यापासून मध्यापर्यंत १९ मिमी हवं, पट्टी घेऊन मोजा दुकानात. टॅबसाठी म्हणून जे छोटे कीबोर्ड विकतात त्यात हे अंतर बरेचदा कमी असतं. उजवीकडचे आकडे लागत नसतील तर ८७ बटणांचा घ्या, लांबी कमी होते आणि मांडीवरही बसतो.

गुगलभक्त:
एवढं कशाला, बोलून टाईप करा ना. मराठी व्हॉइस टायपिंग आता चांगलं चालतं. हात लावायचीच गरज नाही.

निवृत्त_टंकलेखक:
लेखकांचे हस्तलिखित लेख बोलून टाईप करायचे म्हणजे विरामचिन्हं, अवतरणं, पानभर संवाद, सगळं परत दुरुस्त करत बसायचं. त्यापेक्षा बोटं बरी.

गुगलभक्त:
पहिला मसुदा तरी होतो पटकन. मी पत्रं अशीच लिहितो.

सर्किट_भाऊ:
मधेच बंद पडतो हे कुणी विचारलंच नाही. कधी बंद पडतो? टाईप करता करता, की थोडा वेळ थांबून परत बसल्यावर?

शब्दवेडी:
थांबल्यावर. हस्तलिखित वाचत बसले किंवा चहा घेऊन आले की कीबोर्ड मेलेला. वायर काढून घातली तरी लागत नाही, टॅब बंद करून चालू केला की मग कधीतरी लागतो. म्हणून तर नवीन घेतेय.

सर्किट_भाऊ:
नवीन घेऊनही तेच होईल. काही कंपन्यांच्या फोन-टॅबमध्ये ओटीजीला, म्हणजे कीबोर्ड, पेनड्राइव्ह वगैरे जोडायच्या सोयीला, सेटिंग्जमध्ये वेगळा स्विच असतो, आणि १० मिनिटं काही वापर झाला नाही की तो आपोआप बंद होतो, बॅटरी वाचवायला. सेटिंग्जमध्ये वर सर्चला "ओटीजी" टाका, सापडेल. बंद पडला की तो चालू करा, टॅब रीस्टार्ट करायची गरज नाही.
आणि दोन सूचना. लायटिंगवाला घेऊ नका, तो टॅबच्याच बॅटरीवर चालतो आणि तुमच्याकडे लाईटची बोंब. दुसरं, ज्या कीबोर्डाची वायर सुटी निघते त्याला दोन्हीकडे टाईप सी असलेली केबल लावायचा मोह होईल, पण स्वस्त कीबोर्डात सॉकेटमधले छोटे रेझिस्टर घातलेले नसतात, मग टॅबला काही जोडलंय हेच कळत नाही. सोबत आलेली साधी केबल आणि ओटीजीचा कनेक्टर, हेच वापरा.

शब्दवेडी:
सापडलं! सेटिंग बंदच होतं, चालू केल्याबरोबर कीबोर्ड लागला. खूप आभार. पण शिफ्ट आखूडच आहे तेव्हा कीबोर्ड बदलणारच. शनिवारी रत्नागिरीला जातेय, पट्टी बरोबर घेऊन. खटखट_प्रेमी, ८७ बटणांत ब्राऊनवाला मिळेल ना?

खटखट_प्रेमी:
मिळतो, पण तिथल्या दुकानात असेलच असं नाही, आधी फोन करा. दुकानात टॅब न्या आणि शिफ्ट धरून "धावाधाव" दोनचार वेळा टाईप करून बघा, नुसतं बटण दाबून काही कळत नाही.

रात्रपाळी:
आणि शेजारी पातळवालाही ठेवायला सांगा, दोन्हींवर टाईप करून मग ठरवा.

कुंभार_आळी:
माझा पण हाच प्रॉब्लेम, पण आयपॅड आहे, जुना, ॲपलच्या लायटनिंग पोर्टचा. कीबोर्ड लावला की जास्त पॉवर लागते असा मेसेज येतो. काय करू?

सर्किट_भाऊ:
लायटनिंगला ॲपलचा यूएसबी ३ कॅमेरा ॲडॅप्टर घ्या, त्यात चार्जर लावायला वेगळं भोक असतं. चार्जर लावला की तो मेसेज बहुतेक जातो. कीबोर्डला लाईट असतील तर आधी ते बंद करून बघा. बाकी नवीन धागा काढा, इथे गोंधळ होईल.