मदत हवी आहे: मारी ते मार्ला, ऊडनडाटा ट्रॅकने कोणी गेलंय का?

नमस्कार मंडळी, जुलैत ऑस्ट्रेलियात ॲडलेडहून ॲलिस स्प्रिंग्सला गाडीने जायचा बेत आहे. स्टुअर्ट हायवे डांबरी आणि सोपा, पण मला मारी गावावरून, जुन्या ‘घान’ रेल्वेच्या कडेकडेने जाणाऱ्या ऊडनडाटा ट्रॅकने जायचंय. कारण तिथले उंटवाले. 1860 मध्ये ऑस्ट्रेलिया दक्षिणेकडून उत्तरेला ओलांडायला निघालेल्या बर्क आणि विल्सच्या मोहिमेसाठी तेव्हाच्या हिंदुस्थानातून उंट नेले, सोबत उंटवालेही गेले. पुढे बलुची, पठाण, सिंधी, पंजाबी असे अनेक आले; तिकडे सगळे सरसकट ‘अफगाण’! आउटबॅकमधल्या, म्हणजे देशाच्या आतल्या ओसाड भागातल्या खाणींना, मेंढपाळांच्या वस्त्यांना रसद पोचवली ती यांनी. मोटारी आल्यावर धंदा बसला आणि उंट मोकाट सुटले. ऑस्ट्रेलियाच्या गोष्टीत हे लोक फार उशिरा दिसू लागले, असं माझं मत.

तर, सुमारे 600 किलोमीटरचा हा कच्चा रस्ता भाड्याच्या एसयूव्हीने झेपेल का? विम्याचं काय केलंत? पाऊस झाला तर रस्ता बंद होतो, तेव्हा कुठे थांबता येतं? पेट्रोल कुठे कुठे मिळतं? मारीत उंटवाल्यांच्या कबरी आहेत, त्या बघायला कोणाला विचारावं लागतं का? सोबत सासूबाई आहेत, पूर्ण शाकाहारी. खाण्याबद्दलही सांगा.