मदत हवी आहे: तांदूळ आहे, डाळ-तेल संपत आलंय. पोषण आहार चालू ठेवून नोंदी खऱ्या कशा ठेवायच्या?

प्रभारी मुख्याध्यापिका, घाटमाथा

नमस्कार मंडळी,

दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेचा प्रभार यंदा माझ्याकडे आलाय. पहिली ते पाचवी, पट ३८, रोजची हजेरी ३४च्या आसपास. शालेय पोषण आहाराचं काम सहशिक्षिका म्हणून बघितलं होतं, पण सही माझी नव्हती. आता आहे, म्हणून इथे विचारते.

तांदळाच्या गोण्या भरपूर आहेत. अडचण बाकीच्या मालाची आहे. मूगडाळ संपली. तूरडाळ डब्याच्या तळाला आहे, मटकी दोन वेळा होईल एवढीच. तेलाची शेवटची पिशवी फोडलीय. पुरवठादाराचा टेम्पो ठरल्या वेळेला आलाच नाही. फोन केला की "पुढच्या आठवड्यात तुमचा रूट आहे" एवढंच उत्तर मिळतं. तालुक्याला कळवलं तर तोंडी सांगतात, कुठूनतरी भागवा, पण आहार बंद पडता कामा नये. लेखी काहीच नाही.

आतापर्यंत खालच्या वाडीच्या शाळेकडून उसनवार डाळ आणून भागवलं. आता त्यांचीही संपत आलीय. एक दिवस फोडणीचा भात केला. त्यात डाळ नव्हती, कांदा आणि दारातल्या शेवग्याचा पाला होता. मुलांनी खाल्ला. तिसरीतली एक मुलगी ताट घेऊन परत आली आणि टोपात डोकावून म्हणाली, "बाई, वरण खाली राहिलंय का?" आमच्याकडे सोमवारी भात नेहमीपेक्षा जास्त लागतो, हे स्वयंपाकीताईंनी मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. शनिवार-रविवार घरी काय शिजतं, त्याचा अंदाज त्यावरून येतो. त्यामुळे "चालतंय, एखादा दिवस भात-मीठ" असं मला म्हणवत नाही.

माझी खरी अडचण नोंदींची आहे. पोषण आहाराच्या सरकारी पोर्टलवर त्या दिवसाचा पदार्थ आणि लाभार्थी संख्या भरली की ठरलेल्या प्रमाणात साठा आपोआप वजा होतो. पाककृतीच्या तक्त्यात त्या दिवशी मूगडाळ खिचडी आहे. मी केला फोडणीचा भात. खिचडी भरली तर नोंद खोटी होते आणि नसलेली डाळ वजा होते. काहीच भरलं नाही तर त्या दिवशी आहार दिला नाही असं दिसतं, आणि इंधन-भाजीपाल्याचं बिलही अडकतं. उसनी आणलेली डाळ तर पोर्टलला दिसतच नाही. हातातली साठा नोंदवही आणि पोर्टल यांचा मेळ बसेना झालाय. उद्या तपासणी आली तर उत्तर मलाच द्यायचंय.

दुसरं म्हणजे सतत बदलणारे नियम. जून २०२४च्या शासन निर्णयाने त्रिस्तरीय आहार आला: भात, सोबत उसळ किंवा वरण, वर खीर किंवा नाचणी सत्त्व. त्याची घडी बसते ना बसते तोच २८ जानेवारी २०२५चा निर्णय आला. अंडा पुलाव, गोड खिचडी, नाचणी सत्त्व हे ऐच्छिक झालं. अंडी आणि साखरेला वेगळा निधी नाही, लोकसहभागातून करा. आमच्या वाडीत लोकसहभाग मागायचा कोणाकडे? निम्मी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. पालकसभेत मात्र प्रश्न येतोच, "बाई, अंडं का बंद केलं?"

तर विचारायचं आहे ते असं. माल नसताना रोजची नोंद नेमकी कशी करायची? उसनवारी कागदावर कशी आणायची? गावातल्या दुकानातून डाळ-तेल घ्यायचं झालं तर पैसे कुठले वापरायचे आणि ते परत मिळतात का? अंड्यांचं कोणी काही जमवलंय का? ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया लिहा.

निवृत्त केंद्रप्रमुख

बाई, तुम्ही योग्य वेळी विचारलंत. माल पूर्ण संपायच्या आत हे केलं पाहिजे.

आधी हिशेब मांडा. प्राथमिकला रोज मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. तुमच्या ३४ मुलांना रोज ६८० ग्रॅम डाळ आणि १७० ग्रॅम तेल लागतं. महिन्याचे २४ दिवस धरले तर १६ किलोच्या वर डाळ आणि चार किलो तेल. शिल्लक किती, ती कोणत्या तारखेपर्यंत पुरेल, हे कागदावर लिहा आणि त्या तारखेच्या आधी गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे पत्र द्या. प्रत पोषण आहार अधीक्षकांना आणि केंद्रप्रमुखांना. "माल कमी आहे" असं मोघम लिहू नका. "तूरडाळ अमुक किलो, अमुक तारखेनंतर आहार देणे शक्य होणार नाही" असं लिहा. आवक नोंदवून पोच घ्या. तोंडी सूचनेला तपासणीत काडीची किंमत नसते.

आता पैशांचं. मध्यान्ह भोजन नियम, २०१५ वाचा. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखालचे हे नियम आहेत. धान्य किंवा शिजवण्याचा खर्च तात्पुरता उपलब्ध नसेल तर आहार सुरू ठेवण्यासाठी शाळेतला कोणताही उपलब्ध निधी वापरण्याचा अधिकार त्यात मुख्याध्यापकाला दिलाय, आणि योजनेचे पैसे आले की तो निधी लगेच शाळेच्या खात्यात परत करायचा आहे. म्हणजे स्वतःच्या पगारातून डाळ आणायची गरज नाही. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक घ्या, ठराव करा, त्यात या नियमाचा उल्लेख करा, दुकानाचं पक्कं बिल घ्या. खिशातून घातलेले पैसे मागे मिळायला कागदच नसतो, आणि टंचाईही वरपर्यंत कधी पोचत नाही. तालुक्याला वाटतं शाळा व्यवस्थित चालल्यात.

त्याच नियमांत आणखी एक गोष्ट आहे, ती बहुतेक शाळांना माहीतच नसते. धान्य, पैसा, इंधन किंवा स्वयंपाकी नसल्यामुळे आहार मिळाला नाही तर त्या मुलांना अन्न सुरक्षा भत्ता द्यायचा असतो, म्हणजे त्यांच्या वाट्याचं धान्य आणि शिजवण्याच्या खर्चाची रक्कम. तोही पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. सलग तीन शालेय दिवस किंवा महिन्यात पाच दिवस आहार बंद राहिला तर जबाबदारी निश्चित करणं राज्य शासनावर बंधनकारक आहे. पण हे सगळं "आज आहार शिजला नाही" ही खरी नोंद असेल तरच लागू होतं. खिचडी शिजल्याचं भरलंत की मुलांचा हक्कही गेला आणि पुरवठादारही सुटला.

उसनवारीसाठी साधी पावती करा. तारीख, वस्तू, वजन, दोन्ही मुख्याध्यापकांच्या सह्या आणि शिक्के. एक प्रत तुमच्याकडे, एक त्यांच्याकडे. तुमच्या साठा नोंदवहीत "उसनवार आवक", त्यांच्या वहीत "उसनवार जावक". परतफेड केली की त्याच पावतीवर लिहा.

शिक्षक, दुष्काळी पट्टा

सरांचं सगळं बरोबर आहे, पण पत्र देणाऱ्याच्या वाट्याला काय येतं तेही सांगायला हवं. आमच्याकडे एका सरांनी असंच पत्र दिलं, तर "नियोजन का केले नाही" म्हणून खुलासा त्यांनाच मागितला गेला. तेव्हापासून कोणी एकटं लिहीत नाही. आम्ही आता शिक्षण परिषदेच्या, म्हणजे शिक्षकांच्या एकत्र बैठकीच्या, दिवशी केंद्रातल्या (आसपासच्या शाळांच्या गटातल्या) सगळ्या शाळांची शिल्लक एका तक्त्यात भरतो आणि सगळे मुख्याध्यापक एकत्र सही करतो. बारा शाळांत एकाच आठवड्यात तेल संपलं तर नियोजन कोणाचं चुकलं हे वेगळं सांगावं लागत नाही. बाई, खालच्या वाडीचंही संपत आलंय म्हणताय, म्हणजे तुमच्या केंद्रातही तेच चित्र असणार. एकटीने लिहू नका.

दुकानातून तेल घेणार असाल तर पॅकबंद पिशवीच घ्या. सुटं तेल, कोणाच्या घरचा डबा, शेतावरच्या खोलीत ठेवलेला कॅन, काहीही नको. बिहारमधल्या गंडामनला जुलै २०१३मध्ये शाळेचा आहार खाऊन २३ मुलं गेली, ती तेलात मिसळलेल्या कीटकनाशकामुळे. घाईत आणलेल्या मालाच्या बाबतीत चव नोंदवही नुसती भरू नका, मुलांना वाढायच्या आधी खरोखर चव घ्या.

शाळा व्यवस्थापन समिती सदस्य (पालक)

मी शिक्षक नाही, पण आमच्या शाळेत हे काम समितीने अंगावर घेतलंय म्हणून लिहितो.

टेम्पो आला की ड्रायव्हरला घाई असते. गोणी उतरवायची, चलनावर सही घ्यायची, निघायचं. आम्ही ग्रामपंचायतीचा वजनकाटा शाळेत आणून ठेवला. गोणी काट्यावर चढल्याशिवाय सही नाही. वजन कमी भरलं तर चलनावरच तेवढं लिहून सही करायची. पहिल्या वेळी कुरकुर झाली, नंतर ड्रायव्हर स्वतःच काट्याकडे गोणी न्यायला लागला. तुमच्याकडे माल वेळेआधी संपतोय का, तेही एकदा बघा. पोचच कमी झालेली असू शकते.

आणि टंचाईचं पत्र पालकांकडूनही जाऊ द्या. बाईंना खुलासा मागता येतो, आईबापांना मागता येत नाही. मुलांचा हक्क आहे, तर मागणीही आम्हीच करायला हवी.

तांदळाचं एक सांगतो. फोर्टिफाइड तांदळाचे दाणे जरा वेगळे दिसतात, धुताना एखादा वर तरंगतो. आमच्या गावात "प्लास्टिकचा तांदूळ" म्हणून ओरड झाली, दोन घरांनी मुलांना डबा द्यायला सुरुवात केली. शंभर दाण्यांत एक दाणा लोह, फॉलिक अॅसिड, बी-१२ घातलेला असतो, हे सरांनी पालकसभेत शिजवून दाखवलं तेव्हा थांबलं. स्वयंपाकीताईंनाही सांगून ठेवा, नाहीतर त्या ते दाणे निवडून टाकतात.

मराठी शाळेतली शिक्षिका, बेळगावकडून

अंड्यांचं वाचून वाईट वाटलं. आमची शाळा मराठी माध्यमाची, पण योजना कर्नाटकची, अक्षर दासोह. इथे दूधही मिळतं. अंडी आधी आठवड्यातून दोनदा होती. २०२४पासून अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या मदतीने सहा दिवस झाली. अंडं न खाणाऱ्या मुलांना केळी किंवा चिक्की. हमाली आमच्याकडेही आहेच. अंडी उकडायची, सोलायची, फुटकी बाजूला काढायची, बाजारात भाव चढला की दिलेल्या दरात बसवायची. पण निधी वरून येतो, गावाकडे हात पसरावा लागत नाही.

सीमेच्या दोन बाजूंना एकच भाषा बोलणारी मुलं, आणि अंडं एकालाच. लोकसहभाग ज्या गावात साखर कारखाना आहे तिथे जमतो. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या वाडीत कसा जमणार? हे तुमच्या संघटनांनी लावून धरायला हवं.

तोपर्यंत जमलं तर तिथी भोजन करून बघा. वाढदिवस, बारसं, कोणाची पुण्यतिथी. पैसे मागण्यापेक्षा "त्या दिवशी मुलांसाठी अंडी किंवा केळी द्या" असं सांगितलं तर लोक देतात. मात्र ते रोजच्या आहाराच्या जोडीला असायला हवं, त्याच्या बदल्यात नको.

प्रभारी मुख्याध्यापिका, घाटमाथा

सगळ्यांचे मनापासून आभार. २०१५चे नियम मिळवून वाचले. शाळेचा निधी वापरता येतो हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. समितीची बैठक बोलावलीय. ठराव झाला की तूरडाळ आणि पॅकबंद तेल घेणार, तूर्त पंधरा दिवसांपुरतं. केंद्रातल्या बाकी शाळांना फोन केले, बहुतेकांची हीच रड आहे. एकत्र तक्त्याची कल्पना सगळ्यांना पटली. खालच्या वाडीच्या सरांबरोबर मागच्या उसनवारीच्याही पावत्या करून घेतल्या.

स्वयंपाकीताईंचं मानधनही थकलंय. महिन्याला २५०० रुपये, तेही वेळेवर नाही, आणि त्या रोज दहाच्या आत चूल पेटवतात. आमच्या केंद्रातल्या शाळांच्या एकत्र पत्रात तो मुद्दाही घालतेय.

पोर्टलचं मात्र अजून अडलंय. फोडणीच्या भाताच्या दिवसाची नोंद काय करू?

निवृत्त केंद्रप्रमुख

खिचडी भरू नका. लाभार्थी संख्या खरी भरा. पदार्थाच्या यादीत जे शिजलं ते नसेल तर त्याच दिवशी अधीक्षकांना लेखी कळवा: "तूरडाळ व मूगडाळ उपलब्ध नसल्याने फोडणीचा भात दिला, पोर्टलवर पर्याय नाही, साठा दुरुस्त करून द्यावा." पोर्टलचा स्क्रीनशॉट आणि साठा नोंदवहीच्या त्या पानाचा फोटो जोडा. साठा दुरुस्ती तालुका स्तरावरून करून घ्यावी लागते, तुम्ही आकडे जुळवायला जाऊ नका. दैनंदिन नोंदवहीत शेऱ्याच्या रकान्यात तेच वाक्य लिहा आणि त्या दिवशी हजर असलेल्या समिती सदस्याची सही घ्या.

मानधनाचा मुद्दा त्याच पत्रात घालू नका, वेगळं पत्र द्या. एका पत्रात दोन विषय असले की ते कोणत्या टेबलावर जायचं यातच महिना जातो.

प्रभारी मुख्याध्यापिका, घाटमाथा

वेगळं पत्र करते सर. तक्त्याचा कोरा नमुना कोणाकडे असेल तर इथे टाकाल का? परिषदेच्या आत सगळ्या शाळांना पाठवायचाय.

शिक्षक, दुष्काळी पट्टा

आमचा टाकतो संध्याकाळी. रकाने असे आहेत: शाळा, पट, सरासरी हजेरी, मागच्या पोचेची तारीख, वस्तूनिहाय शिल्लक, किती दिवस पुरेल, उसनवार दिलं-घेतलं, स्थानिक खरेदीची रक्कम. शेवटचा रकाना मुख्याध्यापकाच्या सहीचा. इंधनाचा रकाना तुम्ही वाढवा, आमच्याकडे तो नाही.