मदत हवी आहे: घरच्या बिअरसाठी आंबवण्याचे भांडे कोणते घ्यावे?

घरी २० लिटर एल (ale) प्रकारची बिअर करण्याचा विचार असून भांड्याच्या निवडीपाशी घोडे अडले आहे. आंबताना वर फेसाचा जाड थर चढतो, त्यामुळे २५ ते ३० लिटरचे भांडे लागेल, एवढे ठरले आहे. प्रश्न आहे तो ते कशाचे असावे याचा.

प्लास्टिकची बादली हलकी आणि रुंद तोंडाची असल्याने धुवायला सोपी. परंतु घासणीचा एक बारीक ओरखडाही जंतूंना लपायला पुरतो, आणि त्या प्लास्टिकमधून प्राणवायू हळूहळू आत झिरपतो. काचेच्या बरणीत या अडचणी नाहीत, पण भरलेली, ओली बरणी हातातून निसटली तर काय होईल, या विचारानेच माझे मन तिच्यावरून उडाले आहे. शिवाय उजेडाने हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा) वास बिघडू नये म्हणून ती झाकून ठेवावी लागते, ते वेगळेच. शंकूच्या आकाराच्या स्टीलच्या भांड्यातून तळाशी बसलेले यीस्ट तोटीने काढता येते, मात्र तोटीचे भाग दर वेळी सुटे करून निर्जंतुक करावे लागतात.

बिअर दोन-तीन आठवडे एकाच भांड्यात राहणार असेल, तर बादलीतून झिरपणाऱ्या प्राणवायूने चवीत जाणवण्याइतका फरक पडतो का? झाकण घट्ट बसत नसल्यास एअरलॉकमध्ये (आतला वायू बाहेर सोडणाऱ्या, पण हवा आत न येऊ देणाऱ्या पाण्याच्या झडपेत) आंबणे चालू असूनही बुडबुडे दिसत नाहीत. अशा वेळी आंबणे संपले की नाही हे कळण्यासाठी केवळ हायड्रोमीटरच्या (द्रवाची घनता मोजणाऱ्या उपकरणाच्या) नोंदींवर विसंबावे का? आणि सपाट तळाचे, बिनतोटीचे स्टीलचे भांडे कोणी वापरत असल्यास गाळ न ढवळता बिअर कशी काढता, हेही कृपया सविस्तर सांगावे.