सॉकेट जुळलं म्हणजे प्रोसेसर चालतो?

पिनमोड्या
"सॉकेट ११५१ आहे ना, मग इंटेलचा आठव्या पिढीचा आय५ प्रोसेसर डोळे झाकून घे," असा सल्ला काल या फोरमवर एका विद्यार्थ्याला दिला गेला. सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा. पण त्याचा बोर्ड एच११० चिपसेटचा (बोर्डवरच्या नियंत्रक चिपचा) आहे! त्यावर सहावी आणि सातवी पिढी चालते, पुढे नाही. २०१७ला आठवी आली तेव्हा इंटेलने सॉकेटचं नाव तेच ठेवलं, पण पिनांची जोडणी बदलली आणि ३०० सिरीजचा चिपसेट सक्तीचा केला. प्रोसेसर बसेल, स्क्रीन काळीच राहील. बोर्डवर छापलेला मॉडेल नंबर बघा आणि कंपनीच्या साइटवरची सीपीयू सपोर्ट लिस्ट उघडा. सातवी पिढी टाकायची तर जुना प्रोसेसर असतानाच बायॉस (पीसी सुरू करणारं बोर्डवरचं सॉफ्टवेअर) अपडेट करा. नंतर पीसी सुरूच झाला नाही तर अपडेट करणार कसा?

रात्रपाळी
सल्ला माझाच. मॉड केलेला बायॉस टाकून, प्रोसेसरच्या खालच्या ठरावीक पॅडवर (पिना टेकतात त्या ठिपक्यांवर) टेप लावून एच११०वर आठवी पिढी चालवणारे आहेत. माझ्या भावाकडे चालू आहे.

पिनमोड्या
चालवतात, मान्य. पण काल टेपचा ट तरी लिहिलात का? पैसे त्या पोराचे जाणार होते.

गिरगावकर
मुळात नवा प्रोसेसर कशाला? आहे त्या आय३-६१००ला एसएसडी आणि ८ जीबी रॅम टाका. लॅमिंग्टन रोडला एका दुकानदाराने मला 'टेस्टेड' म्हणून वापरलेला आय७-७७०० दिला. बंद निघाला, परत घेईना. वॉरंटी नाही म्हणे!

सांगलीवाला
आणि ७७०० चालला तरी विंडोज ११ला चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीत तो नाहीच. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. ४ कोर, ८ थ्रेडचं धडधाकट मशीन भंगारात घालायचं? संताप येतो.

उबुंटूप्रेमी
विंडोजऐवजी लिनक्स टाका, विषय संपला.

सांगलीवाला
कुणाचा संपला? माझा डीटीपीचा, म्हणजे छपाईची पानं जुळवायचा धंदा आहे. श्रीलिपीच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये केलेल्या लग्नपत्रिका, अहवाल, पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फाइली तुम्ही येऊन उघडून देणार का? दर वेळी हेच एक वाक्य फेकता.

उबुंटूप्रेमी
युनिकोड, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी वाचता येणारी पद्धत, येऊन किती वर्षं झाली! जुन्या फॉन्टला चिकटून बसलात तो दोष लिनक्सचा नाही.

सांगलीवाला
गिऱ्हाईक जुनीच फाइल घेऊन येतं. त्याला युनिकोडवर व्याख्यान देऊ?

उबुंटूप्रेमी
बरं, डीटीपीवाल्यांचं वेगळं. त्या विद्यार्थ्याला कुठे पेजमेकर लागतंय?

रात्रपाळी
कालच्या पोस्टमध्ये "एच११०वर नाही" ही ओळ टाकली आहे. टेपचं मात्र मागे घेणार नाही.